शिल्लक कोणाच्या वांट्याची?

महिन्याची चोविसावी-पंचविसावी तारीख उजाडली म्हणजे मध्यम स्थितींतील घराघरांत कांहीं ठराविक खुणा दिसूं लागतात. वरण थोडें पातळ होतें, दुधाची एक पिशवी कमी येते, मुलांच्या मागण्यांस ‘एक तारखेनंतर पाहूं’ असें उत्तर मिळतें, आणि वाण्याच्या वहींत चार रकमा वाढतात. मग एक तारीख येते, आठ दिवस हात सैल होतो, आणि पुनः तीच पंचविशी. या रहाटगाडग्यास पुष्कळ लोक काटकसर म्हणतात. वास्तविक तिचें नांव टंचाई. टंचाई परिस्थिति आपणांवर लादते. काटकसर आपण विचारपूर्वक पत्करतों. दोहोंत फरक पडतो तो हिशेबानें. आणि तो हिशेब महिन्याचा असून भागत नाहीं, वर्षाचा असावा लागतो.

हा विचार नवा नाहीं. वात्स्यायनानें आपल्या सूत्रांतील भार्याधिकारिक नांवाच्या भागांत गृहिणीचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. वर्षाची प्राप्ति आधीं मोजावी व तिला अनुरूप असा व्यय ठेवावा, रोजच्या जमाखर्चाची बेरीज करावी, जिन्नस स्वस्त असतील त्या काळीं घेऊन ठेवावे, हें तेथें स्पष्ट आहे. धनाचा संग्रह व व्यय या कामीं पत्नीची योजना करावी असें मनूचेंहि सांगणें आहे. कौटिल्य तर अधिकाऱ्यांकडून दरवर्षीं आषाढी पौर्णिमेस हिशेब पुरे करून मागतो. शेतीच्या देशांत प्राप्ति वर्षांतून एकदां-दोनदां हातीं येई, म्हणून मोजण्याचें मापहि वर्ष हेंच होतें. पुढें पगार महिन्याचा झाला आणि आपली दृष्टि महिन्याएवढी आखूड झाली. खर्च मात्र अजून वर्षाच्याच चालीनें येतात. शाळेची फी जूनमध्यें, घरपट्टी सहामाहीस, विम्याचा हप्ता त्याच्या नेमल्या दिवशीं, दिवाळी आश्विनांत, आणि लग्नकार्यें बहुधा उन्हाळ्यांत. हे पाहुणे अचानक येत नाहींत; आपण त्यांची तारीख विसरतों, इतकेंच.

मीमांसकांनीं कर्मांचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे तीन वर्ग केले आहेत. खर्चाचेहि तेच तीन वर्ग करावे. धान्य, भाजी, दूध, वीज, गॅस, मुलांचें जाणें-येणें हा नित्य व्यय. निमित्त घडलें कीं जो चुकवितां येत नाहीं तो नैमित्तिक. फी, विमा, सण, आहेर, औषधपाणी यांत येतात. आणि जो केला नाहीं तरी कोणताहि प्रत्यवाय लागत नाहीं, केवळ इच्छेसाठीं जो करावयाचा, तो काम्य. घर बुडतें तें बहुधा नित्य व्ययानें बुडत नाहीं. नैमित्तिक व्यय विसरल्यामुळें काम्य व्ययास जागा आहे असा भास होतो, आणि तो भास घर बुडवितो.

एक उदाहरण मांडून पाहूं. सहा-सात माणसांच्या एका एकत्र कुटुंबाची, पगार व निवृत्तिवेतन मिळून, दरमहा प्राप्ति ४०,००० रुपये धरा. वर्षाची प्राप्ति ४,८०,००० झाली. आतां नैमित्तिक रकमा अशा: मुलांची फी ३६,०००, वह्या, पुस्तकें व गणवेश ९,०००, घरपट्टी ६,०००, आयुष्याचा व आजारपणाचा विमा मिळून २४,०००, सणवार व कुळाचार १८,०००, आहेर व गांवचा प्रवास १२,०००, घराची व वाहनाची डागडुजी ९,०००, औषधपाणी १८,०००. बेरीज १,३२,००० रुपये. बारांनीं भागल्यास महिन्याचे ११,००० पडतात. म्हणजे चाळीस हजारांपैकीं अकरा हजार पगाराच्या दिवशींच खर्च झालेले आहेत. ते खात्यांत दिसतात, परंतु आपले नाहींत. त्यांतून वृद्धापकाळासाठीं व अडीअडचणीसाठीं तीन हजार बाजूस काढले, तर नित्य व्ययासाठीं २६,००० उरले. ज्या घरास आपण चाळीस हजारांचें समजत होतों तें सव्वीस हजारांचें घर आहे. हें कळणें थोडें कडू आहे, पण पंचविसाव्या तारखेस दरमहा कळण्यापेक्षां वर्षाच्या आरंभीं एकदां कळलेलें बरें.

हे अकरा हजार निराळ्या खात्यांत ठेवावे व त्या खात्याचें कार्ड पाकिटांत बाळगूं नये. येथें एक व्यावहारिक गोष्ट लक्षांत घ्यावी. एप्रिलपासून सुरुवात केली तर जूनपर्यंत ३३,००० जमतील आणि फी-पुस्तकांचे ४५,००० समोर उभे राहतील. म्हणून घराच्या वर्षाचा आरंभ दिवाळीच्या पाडव्यास करावा. व्यापारी याच सुमारास नव्या वह्या घालतात, गृहस्थानेंहि घालावी. तेथून जूनपर्यंत सात-आठ महिने हातीं येतात. विम्याचा हप्ता दरमहा न भरतां वर्षाचा एकदम भरल्यास अनेक ठिकाणीं कांहीं सवलत मिळते. घरपट्टी लवकर भरणारांस अनेक नगरपालिका सूट देतात. ज्याच्याजवळ नैमित्तिकाची रक्कम आधीं जमलेली असते त्यालाच या सवलती मिळतात. गरजू मनुष्य महाग विकत घेतो, हा अनुभव जुनाच आहे.

आतां नित्य व्ययाकडे वळूं. आपल्या आजी-पणजींची काटकसर मुख्यतः बेगमीची होती. नवा गहू बाजारांत आला कीं उन्हें दाखवून, एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून तो भरून ठेवावयाचा. तुरीची डाळ, चिंच, मिरची, हळद यांची वर्षाची तरतूद करावयाची. चैत्र-वैशाखांत पापड, कुरडया, सांडगे घालावयाचे व पुढें कैरीचें लोणचें घालून पावसाळ्यास निश्चिंत व्हावयाचें. या पद्धतींत दोन लाभ होते. सुगींतला भाव उतरता असे. आणि भाजी महाग झाली तरी ताट रितें पडत नसे. हे लाभ आजहि आहेत, परंतु तीन गोष्टी पाहाव्या. जागा कोरडी असावी, कीड लागणार नाहीं अशी निगा करणारें कोणी असावें, आणि गहू कर्ज काढून घेतलेला नसावा. कारण व्याज हीहि एक कीडच. ती चाळणींत सांपडत नाहीं.

शिवाय आपल्या खर्चाचा तोलच बदलला आहे. १९९९-२००० सालच्या सरकारी पाहणींत शहरी कुटुंबाच्या खर्चापैकीं सुमारें ४८ टक्के अन्नावर जात होता. २०२२-२३ च्या पाहणींत तो सुमारें ३९ टक्क्यांवर आला. त्या ३९ टक्क्यांतहि सर्वांत मोठा भाग, सुमारें साडेदहा टक्के, तयार खाद्यपदार्थ व पेयें यांचा आहे. तृणधान्यांवरील खर्चाच्या तो दुपटीहून अधिक भरतो. तेव्हां गव्हाच्या किलोमागें दोन रुपये वांचविण्यासाठीं बाजारभर हिंडणें आणि सायंकाळीं घरपोंच आलेल्या खाण्याचे चारशें रुपये मोबाइलवरून मुकाट्यानें देणें, ही काटकसर उफराटी होय. मोबाइलनें दिलेला पैसा हाताला जाणवत नाहीं हें खरें. पण त्याची नोंद आपोआप राहते, हा त्याचा गुण. आठवड्यांतून एकदां ती नोंद वहींत उतरवावी. खर्च आपल्या अक्षरांत लिहिला म्हणजे त्याची जाणीव होते.

विजेचेंहि असेंच आहे. हजार वॅटचें उपकरण एक तास चालवलें कीं एक युनिट होतें. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याचीं तीस युनिटें झालीं. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर पहिल्या शंभर युनिटांस कमी व त्यापुढील युनिटांस बराच चढा असतो. म्हणून शंभराच्या वरचीं तीस युनिटें वांचविणें हें खालच्या तीसांपेक्षां पुष्कळ अधिक फायद्याचें. आजीच्या खोलींतील दिवा मालवण्यापेक्षां गीझर वेळेवर बंद करण्याकडे लक्ष द्यावें.

आजीच्या खोलीचा उल्लेख मुद्दाम केला. कारण येथेंच या लेखाचा खरा विषय येतो. ज्या घरांत वर्षाचा लेखी हिशेब नसतो, त्या घराची तोंडमिळवणी देखील शेवटीं कशी तरी होतेच. ती कोठून होते? जो बोलत नाहीं त्याच्या वांट्यांतून. दूध कमी आलें कीं सून चहा कोरा घेते. आजीची गोळी रोजची असतां एक दिवसाआड होते. आजोबांचा चष्मा पुढच्या महिन्यावर जातो. भावाची शिकवणी चालू राहते आणि बहिणीची ‘तिला काय, ती हुशारच आहे’ असें म्हणून बंद होते. ही बचत कोणत्याहि वहींत लिहिली जात नाहीं. आणि घरांतील मोठी माणसें समाधानानें म्हणतात, ‘आमचें घर फार थोडक्यांत चालतें!’

मागल्या पिढ्यांत ही गोष्ट आणखी उघड होती. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें तेव्हां शिधापत्रिकेवर माणशी वांटा ठरलेला असे. सरकारनें स्त्रीचा वांटा मोजला. पण पंगत उठल्यावर पातेल्यांत जें उरेल तो तिचा वांटा, हा घरचा नियम त्या पत्रिकेनें मोडला नाहीं. आजहि तो पुरता मोडलेला नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. स्त्रीच्या शरीरास लोहाची गरज निसर्गतःच अधिक, हें याचें एक कारण आहे. परंतु ज्याची गरज अधिक त्याच्या ताटांत अधिक पडावें, हें साधें त्रैराशिक आपल्या स्वयंपाकघरांत उलटें सुटतें, हेंहि तितकेंच खरें.

नामदार गोखल्यांचें चरित्र आपल्या घरांतून आदरानें वाचलें जातें. १८७९ सालीं वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यांतील आठ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठीं ते धाडीत. आठ रुपयांचें फळ सर्व देशानें पाहिलें. उरलेल्या सातांत ज्या वहिनींनीं घर चालविलें त्यांचें नांव आपल्यापैकीं किती जणांस सांगतां येईल? त्यांचा त्याग थोर होता. परंतु थोर त्याग हा घराचा कायमचा नियम होऊं नये. पुढें १९०२ सालीं याच गोखल्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत पहिलें अंदाजपत्रकी भाषण केलें. सरकार शिलकेचा अभिमान मिरवीत होतें. गोखल्यांनीं दाखविलें कीं प्रजा हलाखींत असतां उरलेली ही शिल्लक चढ्या करांची आहे, भरभराटीची नाहीं. मणामागें अडीच रुपये असलेला मिठावरील कर १९०३ पासून टप्प्याटप्प्यानें उतरत १९०७ सालीं एक रुपयावर आला. शिल्लक दिसली म्हणजे ती कोणाच्या मिठांतून निघाली हें विचारावें, हा धडा राज्यापुरता नाहीं. घरालाहि तो तसाच लागू आहे.

म्हणून काटकसर करणाऱ्या कुटुंबानें तीन नियम पाळावे असें मला वाटतें. पहिला, वही उघडी असावी. पाडव्याच्या दिवशीं, जेवणें आटोपल्यावर, वर्षाचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचावा. सून व दहा वर्षांवरील मुलेंहि त्यांत असावीं. ज्यांना अडचण ठाऊक असते तीं मुलें हट्ट कमी करतात. ज्यांच्यापासून ती लपविली जाते तीं तिला कंजूषपणा समजतात. दुसरा, कशास हात लावावयाचा नाहीं हें आधीं ठरवावें. मुलांचें व गरोदर-बाळंतिणीचें दूध, वृद्धांचें औषध, मुलगा-मुलगी दोघांचें शिक्षण, आणि अवेळीं आलेल्या अतिथीचें जेवण, या चार रकमा कात्रीबाहेर असाव्या. तिसरा, कपात करावयाची ती वरून करावी. घरांत ज्याच्या शब्दास सर्वांत अधिक मान, त्याच्या काम्य व्ययापासून तिचा आरंभ व्हावा. आजोबांची दुसरी वर्तमानपत्रें बंद झाल्याचें नातवानें पाहिलें म्हणजे त्याला नव्या बुटांविषयीं व्याख्यान द्यावें लागत नाहीं.

शेवटीं गृहिणींस एक विनंति. हिशेबाच्या वहींत आपल्या स्वतःच्या नांवाचा एक रकाना घाला. त्यांत आपलें दूध, आपलें फळ, आपलें औषध, आपली वैद्यकीय तपासणी लिहा. सहा महिने तो रकाना कोरा राहिला, तर वही कर्त्या पुरुषापुढें ठेवून तेवढें पान त्याला दाखवा. आणि कर्त्या पुरुषानें वर्षअखेर शिल्लक पाहून संतोष मानण्यापूर्वीं तें पान उलटून पाहावें. तें भरलेलें असेल तर उरलेले दहा रुपयेहि समाधानाचे आहेत. कोरें असेल तर शिल्लक कितीहि दिसो, ती घरांतल्याच कोणाची तरी उधारी समजावी, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत ती आधीं फेडावी.