कचरा विकला गेला, पण संपला का?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला काय पाहिलेस असे विचारले, तर तो सहसा राजवाडे, पूल आणि बागा यांची वर्णने करतो. मी सांगणार आहे ते नळांविषयी. डेन्मार्कच्या झीलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोपनहेगनपासून सुमारे १०० किलोमीटरवर, कालुंडबोर्ग नावाचे एक लहानसे बंदर आहे. लोकवस्ती सोळा-सतरा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. गावात तांबड्या विटांचे, पाच मनोऱ्यांचे एक जुने चर्च आहे आणि प्रवाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत त्याचेच गुणगान असते. पण जगभरचे अभियंते आणि कारखानदार इथे येतात ते चर्चसाठी नव्हे. गावाबाहेर एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाणारे, जाड वेष्टण घातलेले नळ आहेत. ते पाहायला येतात. टाकाऊ पदार्थांचे काय करावे हे कारखान्यांना सांगणे हा माझा व्यवसाय. तेव्हा माझ्या दृष्टीने ही पंढरीच!

जाण्यापूर्वी जे वाचले होते त्यावरून माझी अशी समजूत झाली होती, की कोणा दूरदर्शी माणसाने कागदावर आराखडा आखला आणि त्याबरहुकूम हे कारखाने उभे राहिले. तिथे गेल्यावर कळले की तसे काहीच घडले नव्हते. आराखडा नव्हता, आणि प्रारंभी निसर्गरक्षणाचा हेतूही नव्हता. होती ती पाण्याची टंचाई.

आस्नेस येथील औष्णिक विद्युत केंद्र १९५९ साली सुरू झाले. पुढे १९६१ च्या सुमारास शेजारी तेलशुद्धीकरण कारखाना आला. त्याला गोडे पाणी हवे होते, आणि भूगर्भातले पाणी बेताचेच होते. म्हणून काही किलोमीटरवरच्या टिस्सो सरोवरातून नळ टाकून पाणी आणले. हा पहिला नळ. एकदा नळ टाकायची सवय लागली की माणसाला आणखी सुचू लागते! तेलशुद्धीकरणात काही ज्वलनशील वायू निघतो आणि तो उंच नळीच्या टोकाशी नुसताच जाळून टाकतात. मुंबईत माहुलच्या बाजूला रात्री दिसणारी ज्योत पुष्कळांनी पाहिली असेल. कालुंडबोर्गला १९७२ मध्ये जिप्समचे तक्ते करणारा एक कारखाना शेजारी आला. ओले तक्ते वाळवायला त्याला उष्णता हवी होती. तेव्हा त्यातला काही वायू त्याच्याकडे वळवण्यात आला.

सर्वांत मनोरंजक गोष्ट वाफेची आहे. कोळसा जाळून वीज करणाऱ्या केंद्रात कोळशातली १०० भाग ऊर्जा गेली, तर वीज होऊन बाहेर पडते ती सुमारे ४० भाग. उरलेली धुराड्यातून आणि मुख्यतः थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. यात अभियंत्यांचा आळस नाही, उष्मागतिकीचा नियमच तसा आहे. आस्नेसची ही उष्णता समुद्रात जात होती, आणि त्याच समुद्राच्या काठावरच्या गावात लोक थंडीत घरे उबदार ठेवण्यासाठी आयात केलेले तेल जाळत होते! १९७३ च्या तेलटंचाईचा चटका बसल्यावर ही विसंगती सर्वांच्या डोळ्यांत भरली. १९८१ पासून केंद्राची उष्णता नळांनी गावात जाऊ लागली, आणि घरोघरच्या सुमारे ३,५०० तेलभट्ट्यांचे काम संपले. पुढच्याच वर्षी तेलशुद्धीकरण कारखान्याला आणि नोवो या औषधांच्या कारखान्याला वाफ मिळू लागली.

ही वाफ मात्र फुकट नसते, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. टर्बाइनमधून पूर्ण काम करून घेण्याआधीच वाफ बाहेर काढली, तर तेवढी वीज कमी होते. परंतु गेलेल्या विजेच्या कितीतरी पट उष्णता उपयोगी पडते, आणि एकूण हिशेबात फायदा राहतो. 'वाया जाणारी उष्णता फुकट मिळाली' अशी वाक्ये वर्तमानपत्रांत येतात, तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही.

नोवोच्या कारखान्यात सूक्ष्मजीवांकडून इन्शुलिन आणि विकरे तयार करून घेतात. काम संपलेल्या सूक्ष्मजीवांचा गाळ उरतो. त्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असतात. उष्णतेने आणि चुन्याने सूक्ष्मजीव मारून हा गाळ १९७६ पासून आसपासच्या शेतांत खत म्हणून जाऊ लागला. वीजकेंद्राची राख १९७९ पासून सिमेंटसाठी गेली. केंद्राच्या कोमट पाण्यावर एके काळी मासेही पाळले जात.

आता माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. १९८९ च्या सुमारास तिथल्या माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान-प्रकल्प म्हणून या सगळ्या नळांची एक प्रतिकृती तयार केली. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याला आपापला सौदा ठाऊक होता. पण सगळे सौदे एका जागी मांडून कोणी पाहिले नव्हते. ते मांडल्यावर गावाला उमगले की आपल्याकडे एक जाळे विणले गेले आहे. त्याच वर्षी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात फ्रॉश आणि गॅलोपोलस या दोघांनी, निसर्गातल्या परिसंस्थेप्रमाणे कारखान्यांचीही परिसंस्था असावी, असा विचार मांडला. तिकडे विद्वान लेख लिहीत होते आणि इकडे शाळेतली मुले पुठ्ठे कापीत असतील! मोठमोठ्या सल्लागारांकडून पैसे देऊन जे काम करून घेतात, ते मुळात हेच असते: आत काय येते, बाहेर काय जाते, आणि किती. वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम आठवीनववीत शिकलेला असला की हे काम सुरू करता येते.

आपल्या वाचकांना हे नवे वाटण्याचे तसे कारण नाही. कोल्हापूर भागात गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे त्याने चिपाडांच्या जाळावर काहील उकळताना पाहिलीच असेल. उसाच्या वजनाचा ३० टक्क्यांच्या आसपासचा भाग चिपाड म्हणून उरतो. ते वाळवायचे आणि त्याच उसाचा रस त्याच्यावर आटवायचा! साखर कारखान्यात तर चिपाडावर वीज होते, मळीपासून मद्यार्क होतो आणि गाळणीवरचा गाळ शेतात परत जातो. मग आपल्या रासायनिक वसाहतींत असे का होत नाही? मला वाटणारी कारणे दोन. पहिले अंतराचे. वाफ दूर नेली की निवते, म्हणून देणारा आणि घेणारा दोन-चार किलोमीटरच्या आतच हवे. दुसरे कारण मिसळण्याचे. मूठभर साखर आणि मूठभर मीठ एकत्र करायला एक क्षण पुरतो. पुन्हा वेगळे करून पाहा. उसाचे चिपाड नुसते चिपाड असते, म्हणून त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे मात्र दहा प्रक्रियांचे पाणी एकाच टाकीत सोडतात आणि मग त्यातून काय काढता येईल असे मला विचारतात. कालुंडबोर्गला वायूचा नळ वायूचाच आणि वाफेचा वाफेचाच राहिला. पण 'कचरा वेगळा ठेवा' एवढे सांगायला डेन्मार्कपर्यंत जायला नको होते. घंटागाडीवालाही ते रोज सांगतो.

मी अस्वस्थ होऊन परतलो ते वेगळ्या कारणाने. कोळशात गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो आम्लपर्जन्याला कारण होतो. धुरातला हा वायू चुन्याकडून शोषून घेतला, तर शेवटी कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम मिळते. १९९३ पासून आस्नेसचे हे जिप्सम शेजारच्या तक्त्यांच्या कारखान्याला मिळू लागले. पूर्वी तो स्पेनमधल्या खाणींतले जिप्सम आणीत असे. धुराड्यातून भिंत! या उदाहरणाशिवाय या विषयावरचे एकही व्याख्यान पुरे होत नाही. मी स्वतः ते कित्येकदा दिले आहे.

मी गेलो तेव्हा मात्र कोळसा नव्हता. २०२० पर्यंत केंद्राने कोळसा सोडला आणि लाकडाच्या ढलप्या जाळायला सुरुवात केली. लाकडात गंधक अगदी थोडे असते. कोळसा गेला तसे त्याच्या धुरातले जिप्समही गेले आणि ती साखळी तुटली. (लाकूड जाळण्यावरही आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्य आहे, पण तो निराळा लेख होईल.) हवेच्या दृष्टीने साखळी तुटली हे चांगलेच झाले. परंतु ढलप्यांच्या ढिगासमोर उभा असताना माझ्या मनात आले: जिप्समला इतके चांगले गिऱ्हाईक आहे म्हणून केंद्राने कोळसा चालूच ठेवला असता तर?

असे होते, हे मला ठाऊक आहे, कारण मी ते घडवले आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात वापरून झालेले गंधकाम्ल दररोज चुन्याने निष्प्रभ करीत आणि त्याचा गाळ पुरण्यासाठी पैसे मोजीत. मी त्यांना गिऱ्हाईक शोधून दिले. जवळच भंगारातल्या लोखंडापासून हिराकस करणारा एक छोटा कारखाना होता. आम्ल त्याच्याकडे जाऊ लागले. दोघांनाही फायदा झाला. मला शाबासकी मिळाली. दोन वर्षांनी तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण रसायनज्ञ मुलीने, धुण्याची पद्धत बदलली तर आम्ल निम्मेच लागेल, असे छोट्या प्रमाणावर करून दाखवले. खर्च फार नव्हता. व्यवस्थापक मला म्हणाले, "साहेब, आता ते विकले जाते ना? मग कमी कशाला करायचे?"

त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे तर मी काही बोललोच नाही. सौदा माझाच होता. हिराकशीच्या कारखान्यात माणसे कामाला आहेत, त्यांचाही विचार मनात आला. पण आम्ल तयार करायला, टँकरने आणायला, वापरून पुन्हा टँकरने न्यायला जे इंधन लागते, ते या विक्रीच्या हिशेबात कुठेच येत नव्हते. रस्त्यात टँकर उलटण्याचा धोकाही येत नव्हता. जे मुळात वापरलेच नाही त्याची पावती फाटत नाही, आणि म्हणून जमाखर्चाच्या वहीत त्याला ओळ नसते. माझ्या धंद्यातल्या अहवालांतही 'किती टन कचरा कामी लावला' असा रकाना असतो. 'किती टन झालाच नाही' असा रकाना मी क्वचितच पाहिला आहे. माझ्या मते हा दुसरा रकाना वर आणि पहिला त्याच्या खाली असायला हवा.

परत आल्यावर मी त्या कारखान्याचा नकाशा काढला, कालुंडबोर्गच्या मुलांनी केला होता तसाच, फक्त कागदावर. हिराकसवाल्याकडे जाणारा बाण तांबड्या शाईने काढला आणि त्याच्यामागे कारखान्यात येणाऱ्या आम्लाचा बाणही त्याच शाईने, त्याच जाडीचा काढला. त्या रसायनज्ञ मुलीला बरोबर बसवून व्यवस्थापकांपुढे तो ठेवला. त्यांनी बराच वेळ दुसऱ्या बाणाकडे पाहिले, तिला दोन-तीन प्रश्न विचारले आणि एका टाकीवर महिनाभर प्रयोग करायला परवानगी दिली. हिराकसवाल्यांना ही गोष्ट कोणी आणि कशी सांगायची, हे अजून ठरलेले नाही.