परगावचं बाळंतपण, मुक्काम कुठे?

‘वार खाली आहे, मोठ्या शहरात हॉस्पिटलच्या जवळच राहा,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात आधी पैशाचा हिशेब मांडला जातो. राहायचं कुठे, हे शेवटी आठवतं. खरं तर ते आधी ठरायला हवं. वार खाली असली की रक्तस्राव केव्हाही सुरू होऊ शकतो. दूरच्या उपनगरातल्या नातेवाइकांची खोली कितीही प्रेमाची असली तरी रात्री दोन वाजता उपयोगाची नाही!

मैत्रिणींनो, मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून बाहेरगावच्या रुग्णांची आणि सोबतच्या माणसांची अल्प दरात सोय करते. केईएम आणि १९२६ सालचं वाडिया प्रसूतिगृहही परळलाच. पण टाटा रुग्णालयाच्या रुग्णांची तिथे मोठी रीघ, तेव्हा सामान घेऊन थेट दारात जाऊ नका. तपासणीच्या पहिल्याच खेपेला रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन जागेची चौकशी करा, जमल्यास डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. केसपेपर आणि दोघांची आधार कार्डं जवळ असू द्या. मुक्काम किती दिवस मिळेल, लिफ्ट आहे का, रात्री दार किती वाजता बंद होतं, हेही विचारून घ्या.

आणि सोबतीला कोण? मानापानाचा विचार नको. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना घरी राहू द्या. रक्ताची बाटली आणायला धावेल, कागदावर सही करील, असं माणूस हवं. नवऱ्याने रजा आत्ताच मागून ठेवावी.