वाया जाणारे पाणी कोणते?

खानापूर तालुक्यातील कणकुंबी गावी दोन पाण्यांच्या वाटा फुटतात. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस वळून कृष्णेला मिळते. जवळचाच कळसा नाला पश्चिमेस उतरून म्हादईत जातो, आणि तीच म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीपाशी सागरास भेटते. ही वाटणी मोडून कळशाचे पाणी मलप्रभेत नेण्यासाठी २००६ साली कालव्याचे काम सुरू झाले. पुढे लवाद बसला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्याने कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुऱ्यातून २.१८ असे ३.९ अब्ज घनफूट पाणी पिण्यासाठी वळविण्यास अनुमती दिली. त्यावर राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. कायद्याचा निर्णय न्यायालय करील. आम्हांस बोलावयाचे आहे ते या वादातील एका लाडक्या युक्तिवादाविषयी.

म्हादईचे १८८ अब्ज घनफूट पाणी दरसाल समुद्रात ‘वाया’ जाते, त्यातले चार घेतले तर गोव्याचे काय बिघडले, असे विचारण्यात येते. हा हिशेब मांडणाऱ्याने वैशाखात मांडवी पाहिलेली नाही. ते १८८ अब्ज बहुतांशी पावसाळ्याच्या चार महिन्यांतले. उन्हाळ्यात धार बारीक होते, भरतीचे खारे पाणी खाडीतून दूरवर चढते, आणि त्याला मागे रेटते ते वरून येणारे गोडे पाणीच. चोडण-दिवाडीचा शेतकरी त्यास वाया गेलेले म्हणत नाही.

दार पावसाळ्यातच उघडू, असे कोणी म्हणेल. ते उन्हाळ्यात मिटलेले आहे हे पाहणार कोण?

गोव्याच्या खाजनांत मानशीची दारे शतकानुशतके चालत आली आहेत. ओहोटीस आतले पाणी दार लोटून बाहेर पडते. भरतीस बाहेरचे पाणीच ते दार मिटवते. बांद राखावयाचा तो साऱ्या गांवकरीने. ते दार गावाच्या डोळ्यांसमोर असे. कालव्याच्या दाराची किल्ली मात्र कचेरीत राहते, आणि खालच्या गावास ते उघडले की मिटले हे विहीर खारी झाल्यावर कळते.

गोवेकरांनीही आपले हात तपासावेत. मासळीच्या लोभाने मानशी अवेळी उघडून कोरगुटाची शेते खारी करणारे परके नव्हते. घरचा बांद फुटू देणाऱ्याने शेजाऱ्याच्या कालव्यावर रागावणे अर्धेच शोभते.

हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही, आणि बेळगावकडील आमचे वाचक ती जाणतात. परंतु तहानेच्या नावाने घेतलेले पाणी तहानेलाच पोहोचले पाहिजे. ते उसाच्या सरीत उतरू लागले, तर तहानही तशीच राहील आणि नदीही जाईल.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. २०२३ साली केंद्राने म्हादईसाठी प्राधिकरण नेमले. पाणी वळविण्याची वेळ आलीच, तर प्रत्येक दारापाशी त्याने मोजपट्टी बसवावी, आणि किती पाणी कोणत्या दिवशी गेले याचा आकडा रोजच्या रोज कन्नड, मराठी व कोंकणी या तिन्ही भाषांत जाहीर करावा. उन्हाळ्याचा किमान प्रवाह आधी ठरवावा. दाराचे माप मागाहून. एवढे करण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने ‘वाया’ हा शब्द तोंडी आणू नये.