लकवा म्हणजे फालिज नव्हे

सरकारचा निर्णय लांबला की वर्तमानपत्रात ‘धोरणलकवा’ छापून येतो. सही अडली की ‘हाताला लकवा भरला का?’ असं विचारलं जातं. दुसरीकडे भाषाशुद्धीचं वारं शिरलेले आमचे काही सहकारी सांगतात, लकवा परका शब्द, ‘पक्षाघात’ म्हणा. दोघांनाही शब्दाचा अर्थ ठाऊक नाही.

लकवा हा अरबीतून आलेला, युनानी वैद्यकातला शब्द. अर्थ एवढाच, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून तोंड वाकडं होणं. हाताला लकवा होऊच शकत नाही! अर्धं अंग लुळं पडतं ते ‘फालिज’. त्या शब्दाच्या मुळाशी दुभंगणं आहे. इ.स. ९२५च्या सुमारास वारलेल्या राझींनी लकव्याबद्दल ‘अल-हावी’त लिहून ठेवलंय. सुश्रुताकडेही चेहऱ्याचं अर्दित वेगळं, पक्षाघात वेगळा. तेव्हा शुद्ध बोलायचंच असेल तर लकव्याला अर्दित म्हणा, पक्षाघात नको.

पण मला राग शब्दकोशापायी येत नाही. चेहऱ्याच्या नसेला सूज येऊन तोंड वाकडं होतं, त्याला डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात. ते बहुतेकांचं काही आठवड्यांत, काही महिन्यांत सुधारतं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तर मात्र गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आपण दोन्हींना लकवाच म्हणतो. मग पहिल्यातून उठलेला मामू दुसऱ्याच्या घरी जाऊन इलाज सांगतो: जंगली कबुतर खाऊ घाला, अमक्या गावचं तेल चोळा, दम करून आणा. मामूचं तोंड आपोआप सरळ झालेलं असतं, श्रेय कबुतराला मिळतं. आणि इकडे साडेचार तास तेल चोळण्यात जातात. दुआ जरूर करा, ॲम्ब्युलन्समध्ये बसून करा.

डॉक्टर भुवया वर करायला सांगतात. बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही, मेंदूच्या झटक्यात बहुधा पडते. ही परीक्षा घरी घेत बसू नका, ती त्यांचं काम आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं जडावलं, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. तिथे ‘लकवा मारला’ एवढंच सांगून थांबू नका. कुठला अवयव, किती वाजल्यापासून, ते सांगा.