ब्राझीलच्या वर्गात स्पॅनिशचे येणे-जाणे

उच्च माध्यमिक शिक्षणाची फेररचना करणाऱ्या कायद्यावर ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष लुला यांनी ३१ जुलै २०२४ रोजी स्वाक्षरी केली, तेव्हा स्पॅनिश भाषेचा प्रश्न होता तेथेच राहिला होता. या वर्गांत स्पॅनिश सक्तीची करावी, ही सिनेटने घातलेली तरतूद कनिष्ठ सभागृहाने गाळून टाकली. इंग्रजी सक्तीची आणि स्पॅनिश ऐच्छिक, ही २०१७ पासूनची स्थिती त्यामुळे कायम राहिली.

ब्राझीलच्या सीमेला भिडणाऱ्या देशांपैकी सात देश स्पॅनिश बोलतात. अर्जेंटिना, पॅराग्वे व उरुग्वे यांच्यासह १९९१ मध्ये मेर्कोसुर या व्यापारी गटाची स्थापना झाली. त्याच विचाराच्या ओघात लुला यांच्याच पहिल्या कारकिर्दीत ५ ऑगस्ट २००५ रोजी एक कायदा झाला. उच्च माध्यमिक शाळांनी स्पॅनिशची सोय करणे बंधनकारक, विद्यार्थ्याने ती घेणे मात्र ऐच्छिक, अशी त्याची रचना होती. अंमलबजावणीसाठी पाच वर्षांची मुदत होती. २०१६ मध्ये तेमेर सरकारने काढलेल्या अध्यादेशाचे फेब्रुवारी २०१७ मध्ये कायद्यात रूपांतर झाले आणि २००५ चा कायदा रद्द झाला. त्या वेळी शिक्षणमंत्री असलेले मेन्दोन्सा फिल्यो हेच २०२४ मध्ये कनिष्ठ सभागृहात या विधेयकाचे प्रतिवेदक होते, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. खर्च आणि शिक्षकांची टंचाई ही कारणे पुढे करण्यात आली. ती खोटी नाहीत. पण बारा वर्षांत कायदा रद्द होणार असेल, तर त्या विषयाचा शिक्षक होण्यासाठी कोण तरुण पदवी घेईल?

या वादात एक युक्तिवाद वारंवार कानी पडतो. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. ब्राझीलच्या मुलाला स्पॅनिश समजतेच, मग शिकवायची कशाला? छापील मजकुरापुरते हे खरे आहे. राष्ट्र, शिक्षण, विद्यापीठ, संविधान यांसाठीचे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखे आहेत. फरक सुरू होतो तो घराच्या उंबरठ्यावर. खुर्चीला पोर्तुगीजमध्ये ‘कादेइरा’, स्पॅनिशमध्ये ‘सिया’. खिडकी ‘जानेला’, तर तिकडे ‘व्हेंताना’. रस्ता ‘रुआ’, तिकडे ‘काये’. काटा, सुरी, सगळेच वेगळे. पोर्तुगीजने सोमवार ते शुक्रवार या वारांना ‘दुसरा’, ‘तिसरा’ असे आकडे दिले आहेत. स्पॅनिशने चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र हीच नावे ठेवली. वारांच्या बाबतीत स्पॅनिश मराठीला अधिक जवळची आहे, असे गमतीने म्हणता येईल.

सारखे दिसणारे शब्द तर अधिकच फसवे. स्पॅनिशमध्ये ‘आपेयीदो’ म्हणजे आडनाव. पोर्तुगीजमध्ये त्याच्याच जोडीचा शब्द म्हणजे टोपणनाव. यजमानिणीने स्पॅनिशमध्ये पदार्थाला ‘एक्सकिसीतो’, म्हणजे अप्रतिम, म्हटले तर ब्राझिलियन पाहुण्याला तो ‘विचित्र’ वाटू शकतो. हिंदीतील ‘शिक्षा’ मराठीत घेतली की जे होते, तेच.

म्हणूनच दैनंदिन विषयांवरच्या संभाषणातून भाषा शिकवण्याच्या पद्धतीला येथे वेगळे महत्त्व आहे. बाजारात भाव विचारणे, जेवणाचे पदार्थ मागवणे, पत्ता सांगणे, घरातील माणसांची ओळख करून देणे हे पाठ वरवर बाळबोध वाटतात. वेळापत्रकाचा अर्धा भाग एका विद्यार्थ्याकडे, उरलेला दुसऱ्याकडे, आणि दोघांनी प्रश्न विचारून ते पूर्ण करायचे, हा या पद्धतीतील नेहमीचा उपक्रम. त्यात अंदाजाने मान डोलावून भागत नाही; वार आणि वेळ तोंडानेच सांगावी लागते. ‘पोर्तुन्योल’ या सरमिसळ बोलीवर वेळ मारून नेणाऱ्या विद्यार्थ्याची चूक तेथेच उघडी पडते.

परीक्षा मात्र उलट दिशेला ओढते. विद्यापीठ प्रवेशासाठीच्या ‘एनेम’ परीक्षेत २०१० पासून इंग्रजी किंवा स्पॅनिश निवडता येते. १८० प्रश्नांपैकी परकीय भाषेचे प्रश्न अवघे पाच, तेही उतारा वाचून पर्याय निवडण्याचे. जवळची भाषा म्हणून अनेक विद्यार्थी स्पॅनिशवर खूण करतात. तोंड उघडण्याची गरजच पडत नाही. ज्या शाळेचे यश या परीक्षेवर मोजले जाते, ती संभाषणाला तासिका देईलच असे नाही.

महाराष्ट्रातही २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीवरून रण पेटले आणि २९ जून रोजी सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. तेथेही कोणती भाषा आणि कोणाची सक्ती यावर बरेच बोलले गेले. तासिकेत मुले नेमके काय करणार, यावर फारच थोडे.

ब्राझीलमध्ये या प्रश्नाची उत्तरे सीमेवर शोधली गेली आहेत. उरुग्वायाना आणि अर्जेंटिनातील पासो दे लोस लिब्रेस यांसारख्या जोडशहरांत २००५ पासून द्विभाषिक शाळांचा प्रयोग झाला. शिक्षकांनी सीमा ओलांडून पलीकडच्या शाळेत आपल्या भाषेत उपक्रम घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. रिओ ग्रांदे दो सुल या राज्याने तर २०१८ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून शाळांत स्पॅनिशची सोय बंधनकारक केली. त्या राज्यातील सान्ताना दो लिव्हरामेन्तो आणि उरुग्वेतील रिवेरा या शहरांमध्ये सीमा म्हणून केवळ रस्ता आणि चौक आहे. उत्तरेकडील रोराइमा राज्यात परिस्थिती अधिक निकडीची आहे. व्हेनेझुएलातून आलेल्या स्थलांतरितांची मुले तेथील वर्गांत बसली आहेत. त्यांची भाषा स्पॅनिश, शाळेची पोर्तुगीज. तेथे संभाषणाच्या सरावासाठी काल्पनिक बाजार मांडण्याची गरज नाही. शेजारच्या बाकावरील मुलाशी बोलले तरी पुरे. त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारा शिक्षक मात्र हवा, आणि त्याच्या नेमणुकीचा निर्णय ऐच्छिक विषयांच्या यादीत अडकला आहे.