सातबारा नसलेल्यांचा कृषिउद्योग

वाचकहो, पुण्याच्या मार्केट यार्डात एकदा पहाटे जाऊन उभे राहा. खेड्यांतून आलेला माल पाठीवरून वाहणारे कोण, आणि गाळ्यावर बसून त्याचा भाव ठरविणारे कोण, हे आपल्या डोळ्यांनी पाहा. मग स्वतःस विचारा, की आपल्या मुलांची जागा ह्या दोहोंपैकी कोठे असावी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नसून त्यावर लागणाऱ्या भांडवल व श्रमांवरून ठरते, असे त्यांनी दाखविले. जमिनीवर साचलेले रिकामे हात उद्योगाकडे वळवावेत, हा त्यांचा उपाय होता. आज रोपवाटिका, माती परीक्षण, दूध संकलन, मालाची प्रतवारी, अवजारे भाड्याने देणे, हे सारे तसेच उद्योग होत. त्यांस मोठी जमीन लागत नाही. २००४ पासून राज्यात दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना आहे. ती भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांस चार एकर जिरायत वा दोन एकर बागायत देऊ करते. परंतु जमीन विकणारा मिळेल तेव्हाच ती फळते. तोवर तरुणांनी हात बांधून बसावे काय?

कृषी शिक्षण घेतलेल्या तरुणांसाठी केंद्र सरकारने २००२ साली कृषी चिकित्सालय व कृषिव्यवसाय केंद्रांची योजना काढली. तीत प्रशिक्षण विनामूल्य असून अनुसूचित जातींच्या उमेदवारास प्रकल्पखर्चाच्या ४४ टक्के अनुदान ठरविले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांसही अनुसूचित जातींत स्थान मिळाले, तेव्हा हा हक्क त्यांचाही आहे. पण खरी मेख पुढेच आहे. बँकेने कर्ज दिल्याखेरीज अनुदान नाही. आणि बँक तारण व जामीनदार मागते. ज्याच्या बापाच्या नावे सातबारा नाही, त्याने तारण काय ठेवावे? ज्या उणिवेपायी मदत हवी, तीच उणीव मदतीच्या आड यावी, हा कोणता न्याय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. अशा कर्जास शासनाने स्वतः हमी द्यावी. नाबार्डचे महाराष्ट्राचे प्रादेशिक कार्यालय पुण्यातच आहे, कृषी आयुक्तालयही येथेच आहे. गाऱ्हाणे घेऊन दूर जावयास नको. आणि पुण्यात नोकरीस असलेल्या वाचकहो, शासन हलेपर्यंत आपण काय करणार? गावाकडच्या एका होतकरू मुलास कृषी पदविकेपर्यंत पोचवा, त्याचा अर्ज नीट भरून द्या, आणि ऐपत असेल तर त्याच्या जामिनावर सही करा. ती सही हे उपकार नव्हेत. शिकून पुढे गेलेल्याने फेडावयाचे ते ऋण आहे.