न दिलेलं घेणं

शिवोलीचा पूल ओलांडून आमच्या चोपड्यात येणारे पाहुणे हल्ली जुने कॅमेरेही आणतात. लाकडी पेटी, तीन पायांचा स्टँड, डोक्यावर काळं फडकं. त्यांना वसरीवर तांदूळ निवडणारी म्हातारी हवी असते, राजांगणातलं पोर हवं असतं, आणि तेही काळ्या-पांढऱ्यात. मग फोटो बघून कुणीतरी म्हणतं, 'काय जिव्हाळा आहे हो!' मला हे कौतुक पटत नाही. जिव्हाळा पेटीत नसतो.

ही पेटी मुळात संथ. काही क्षण हलायचं नाही. पोर हललं की चेहरा पुसट. म्हणजे सहज वाटणारा फोटो पुष्कळदा मांडलेला असतो. अमेरिकेतल्या सॅली मान यांनी आपल्याच तीन मुलांचे फोटो आठ बाय दहा इंची कॅमेऱ्यानं काढले. 'इमिजिएट फॅमिली' हे त्यांचं पुस्तक १९९२ साली आलं. त्यातले कित्येक प्रसंग ठरवून उभे केलेले आहेत. उघड्या मुलांच्या फोटोंवरून मोठा वाद झाला, तो अजून निघतो. पण त्या वादात एक गोष्ट मागे पडते. कुठला फोटो छापायचा नाही, हे बाईंनी मुलांनाही विचारलं होतं. पोटच्या पोरांना आई विचारते, मग परक्या घरात शिरणाऱ्यानं विचारायला नको?

'रंग काढले की माणूस नीट दिसतो,' असंही सांगतात. दिसत असेल. पण चवथीची माटोळी काळ्या-पांढऱ्यात काढून बघा. नारळ, सुपारी, आंबाडे, कांगलां, सगळं राखेच्या रंगाचं! शिवाय फोटोपुरता फ्रिज झाकायचा, मोबाइल बाजूला ठेवायचा. आमचं आजचं जगणं पणजीच्या काळातलं करून दाखवायचं आणि वर त्यालाच खरं म्हणायचं. हा कुठला न्याय?

जुन्या यंत्राशी माझं भांडण नाही. उमरावसिंग शेरगिल यांनी बायकोचे, मुलींचे, स्वतःचे फोटो वर्षानुवर्षं काढले. त्यांची लेक अमृता आपल्याला त्या फोटोंतूनही भेटते. ते घरचेच होते. बाहेरच्यालाही वाट आहे. दयानिता सिंग यांनी २००० साली 'डिमेलो वाडो' हे प्रदर्शन साळगावातच भरवलं. गावात फोटो लावायचे म्हटलं की गावाच्या नजरेला उत्तर द्यावं लागतं. शहरातल्या पांढऱ्या भिंतीवर ते द्यावं लागत नाही.

आम्हा जैनांकडे एक शब्द आहे, अदत्तादान. न दिलेलं घेणं. ती चोरीच. म्हातारी हसली म्हणजे तिनं दिलं, असं समजू नका. दारी आलेल्याला नाही म्हणायची तिला सवय नाही, इतकंच. म्हणून बायांनो, तीन गोष्टी मागून घ्या: आपली इच्छा असेल तर फोटोखाली नाव, घरात लावायला एक प्रत आणि छापण्याआधी नको म्हणायचा हक्क. हे कबूल नसेल त्याला वसरीवर बसवून चहा जरूर द्या. पेटी मात्र बंदच राहू दे.